उघड्या डोक्यांचा तक्ता

फटफटीवर बसणारा माणूस डोक्यावर काय घालतो हे सरकारला कळावं, म्हणून एकोणीसशे पंचावन्न सालच्या डिसेंबरात मी सतरा दिवस आंजी रोडवर एका कडुनिंबाखाली टेबल मांडून बसलो होतो. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात फटफट्या किती, हे मला आधीच कोणी विचारलं असतं तर मी एका हाताच्या बोटांवर सांगितलं असतं आणि अंगठा मोकळा राहिला असता. पण सरकार असं सोपं कधी विचारत नाही.

आमची राजधानी तेव्हा नागपूरला होती. तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं आणि तो परत आला, इथून सगळी सुरुवात झाली. तिकडे म्हणे मोटारी हाकणारे लोक विमानात बांधतात तसा पट्टा कमरेला बांधायला लागले होते आणि फटफटीवाले डोक्यावर कडक टोप घालत होते. आपल्याकडे असं किती जण करतात हे आधी मोजलं पाहिजे, असं त्याला येताना जहाजात सुचलं असावं. जहाजात माणसाला दुसरं काम नसतं. त्याने परिपत्रक काढलं. ते नव्या सरकारी भाषेत होतं आणि त्यात टोपाला 'शिरस्त्राण' म्हटलं होतं. आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्या वाचनात हा शस्त्राचा काही प्रकार असावा असं धरून कागद पोलिसांकडे पाठवला. तो आठ दिवसांनी 'या शाखेशी संबंध नाही' असा शेरा घेऊन परत आला आणि थेट माझ्या टेबलावर पडला.

माझ्याच टेबलावर का, तर मी टेम्परवारी होतो. नऊ वर्षं टेम्परवारी होतो. आमच्या खात्याचं नाव सांगत नाही, पुढच्याच वर्षी राज्य बदललं आणि ते खातं कुठे गेलं ते त्यालाही कळलं नाही. पण त्या खात्यात जे काम कायम नोकरांना नको असे ते माझ्याकडे येई. दर मार्चमध्ये माझी नोकरी संपायची आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू व्हायची. त्या मधल्या आठवड्यात माझी बायको शेजारणींशी बोलत नसे. सासरे दर पत्राच्या शेवटी 'कायम झाल्याचे कळवावे' असं लिहीत. नऊ वर्षांत त्या वाक्यातला एक काना बदलला नाही.

दुबे साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब जबलपूरकडचे, मनाने चांगले, फक्त नागपूरचा फोन वाजला की उभे राहत.

"देखिये लक्ष्मणराव," ते म्हणाले, "यह तक्ता बराबर गया, तो तुमचं कायमचं प्रकरण मी स्वतः घेऊन जातो. पण खोटी नोंद एक नको."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. आत्मस्तुती होते, पण खोटी नोंद मी आयुष्यात केलेली नाही. पावसाच्या नोंदी ठेवायचं काम एक वर्ष माझ्याकडे होतं. इतर लोक घरी खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस लिहीत. मी छत्री धरून मापाच्या नळीजवळ उभा राहत असे आणि छत्रीचं पाणी नळीत जाऊ नये म्हणून छत्री मिटून भिजत असे. त्या वर्षी मला न्यूमोनिया झाला आणि आकडे मात्र निर्मळ गेले. ऑफिसात माझ्या या स्वभावाची थट्टा होई. मला आतून त्याचं बरं वाटे.

परिपत्रकात नियम होते. रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. ऐकीव लिहू नये. वाहनावर बसलेलाच मनुष्य धरावा, पायी चालणारा धरू नये. प्रत्येक वेळी जाणं ही एक स्वतंत्र नोंद समजावी. आणि यांत्रिक दुचाकीच्या किमान शंभर नोंदी असाव्यात. साध्या सायकलींचा एक रकाना 'इतर' म्हणून खाली दिला होता.

आमच्या शेजारी नानाजी राहत, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मूळ मुद्द्याला हात घातला.

"फेटा शिरस्त्राणात येते का?"

मला सांगता येईना. नानाजींनी तरुणपणी बाजारातल्या मारामारीत एका माणसाच्या फेट्यावर काठी बसलेली पाहिली होती. काठी मोडली आणि माणूस तसाच उभा राहिला, वर काठीवाल्यालाच विचारू लागला की लागलं तर नाही. "हे लेखी विचारून घ्या," ते म्हणाले. "उद्या तुमच्या अंगावर येईल." मी लेखी विचारलं. 'परिपत्रकाचा परिच्छेद चौदा पाहावा' असं उत्तर आलं. परिपत्रकात परिच्छेद अकराच होते. तेव्हा फेट्याचा प्रश्न मी स्वतःच्या जबाबदारीवर बाजूला ठेवला.

पहिल्या दिवशी मी आणि आमचे शिपाई नत्थूजी सकाळी सातला पोचलो. नत्थूजींचं वय झालं होतं, पण छातीवरचा पट्टा आणि पितळेचा बिल्ला ते असा घासून आणत की उन्हात तो फर्लांगभरावरून दिसे. दुर्दैव असं की तो दिसायचाच. कपाशीचा हंगाम होता. आंजीकडून कापसाच्या बैलबंड्या येत होत्या, कापूस बाजारात जाणारे लोक सायकलींवर होते. मी लेखणी बुडवून तयार बसलो, आणि पहिला सायकलवाला बिल्ला दिसताच खाली उतरला. सायकल हातात धरून, मान खाली घालून, आमच्यासमोरून चालत गेला. पुढच्या वळणावर जाऊन पुन्हा बसला. दुसऱ्यानेही तेच केलं, आणि तिसऱ्यानेही.

"हे उतरून काऊन राह्यले जी?" मी नत्थूजींना विचारलं.

"सरकारी टेबल आहे नं साहेब," नत्थूजी म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. "सरकारासमोरून कोणी बसून जाईल का? आमचा बाप तहसीलदाराच्या घोड्यासमोर बी जोडे काढे."

नियमाप्रमाणे पायी चालणारा धरायचा नव्हता. दुपारपर्यंत आमच्यासमोरून ऐंशीएक सायकली गेल्या आणि माझ्या रकान्यात शून्य होतं. मी नत्थूजींना बिल्ला काढायला सांगितला. ते इतके दुखावले की दोन तास त्यांनी मला पाणी दिलं नाही. बिल्ला निघाला, तरी टेबल होतंच. टेबल झाडामागे नेलं तर लोकांना वाटलं की दिवा नसलेल्या सायकली पकडायला कोणी दबा धरून बसलंय, आणि ते शेतातून जाऊ लागले. बंडीत बसलेल्या बाया मात्र माझ्याकडे पाहताच पदर नाकापर्यंत ओढून घेत. बायांचा रकाना असता तर तो शंभर टक्के भरला असता.

तिसऱ्या प्रहरी एक तरुण सायकल धरून चालत आला. डोकं तुळतुळीत आणि उघडं. सकाळपासून पहिलंच उघडं डोकं पाहिल्याने मला हुरूप आला.

"काऊन हो, डोक्यावर काही नाही?" मी विचारलं.

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बाप गेला जी," तो म्हणाला. "परवा दहावा झाला."

नत्थूजी पुढे झाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोणत्या गावचा, कसा गेला, वय काय, सगळं विचारलं आणि चार पावलं त्याच्याबरोबर चालून गेले. परत येऊन मला हळूच म्हणाले, "साहेब, आपल्याकडे उघड्या डोक्याचा माणूस दिसला का समजून घ्या, घरचं कोणी गेलं. त्याले टोपीचं नाई विचारत. थांबवून कोण गेलं ते विचारतेत." मी इथलाच, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण टेबलामागे बसलं की माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत. त्या दिवशी मी उरलेला वेळ टाक पुसत बसलो.

पट्ट्याचं प्रकरण याहून लवकर मिटलं. दुसऱ्या दिवशी हिंगणीकडची सर्व्हिस मोटार रस्ता बंद म्हणून आमच्या बाजूने फिरून आली. मी हात करून थांबवली आणि ड्रायव्हरला विचारलं, "आपण कमरेला पट्ट्याने बसल्या जागी बांधून घेता का?"

त्याने इंजिन बंद केलं. मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी काय बैल आहो का जी, दावणीले बांधाले?"

मोटार हसली. कंडक्टरने मागून विचारलं, की साहेब, वैरण पण टाकणार का? त्या संध्याकाळी गावात पसरलं की सरकार ड्रायव्हर लोकांना मोटारीला बांधणार आहे. आमच्या गल्लीत लोक मला पाहून कमरेला हात लावू लागले. मी मोटारींच्या रकान्यात 'नाही - १' अशी नोंद केली. ती खरी होती.

राहता राहिल्या फटफट्या. पाच दिवसांत नऊ नोंदी झाल्या आणि नऊच्या नऊ एकाच माणसाच्या होत्या. बापूराव.

बापूराव आमच्या मागच्या घरी राहत. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर फौजेचे कागद फटफटीवरून पोचवायचं काम करत. परत आल्यावर त्यांनी फौजेच्या लिलावात तसलीच फटफटी घेतली आणि खेड्यापाड्यांतली विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करू लागले. फौजेतला टोप त्यांनी कधी सोडला नव्हता. हनुवटीखाली पट्टा आवळून ते निघाले की गल्लीतली कुत्री भुंकत. लोक हसत, विमलाबाई, म्हणजे त्यांची बायको, रोज काहीतरी टोचून बोलत, पण बापूराव कोपऱ्यावरच्या दुकानात पान खायला गेले तरी टोप घालूनच. अख्ख्या जिल्ह्यात शिरस्त्राण घालणारा तो एकच मनुष्य असावा, आणि तो माझा मित्र होता. दर रविवारी आम्ही त्यांच्या ओट्यावर चहा घेत असू. ते फार बोलत नसत. मी बोलत असे.

शंभर नोंदी कुठून आणायच्या, हा प्रश्न नानाजींनी सोडवला. "प्रत्येक वेळी जाणं ही स्वतंत्र नोंद," त्यांनी नियमावर बोट ठेवलं. "माणूस वेगळा असावा असं कुठी लिवलं आहे? बापूरावले म्हणा, जा आन् ये, जा आन् ये."

मी नियम तीनदा वाचला. माणूस वेगळा असावा असं खरंच कुठे नव्हतं. मी बापूरावांना विचारलं.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "मले आंजीले जाच लागते. तुमचं कायम होते का यानं?"

"होईल असं साहेब म्हणतात."

"मंग घ्या लिहून."

दुसऱ्या दिवसापासून ते इंजिनाचं काम आटोपून आमच्या कडुनिंबापाशी येत आणि मैलाच्या दगडापासून नाल्यावरच्या बुटक्या पुलापर्यंत, म्हणजे रपट्यापर्यंत, फेऱ्या मारत. फौजेतला माणूस, कामात टंगळमंगळ नाही. टेबलासमोरून जाताना दर वेळी सलाम करायचे. नत्थूजी उठून उलटा सलाम करायचे. त्यांनी बिल्ला परत लावला होता. मी दर वेळी मान वर करून टोप स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचो आणि मगच लिहायचो. एकदा शिंक आल्याने मला टोप दिसला नाही, ती फेरी मी त्यांना पुन्हा मारायला लावली. सात-आठ दिवसांत साठ नोंदी झाल्या. 'शिरस्त्राण आहे' - साठ. 'शिरस्त्राण नाही' - शून्य. इतका स्वच्छ तक्ता मी कधी केला नव्हता.

दुबे साहेबांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सौ में सौ?"

"जी साहेब. प्रत्येक नोंद डोळ्यांनी पाहिलेली."

"अहो लक्ष्मणराव, अमेरिकेत सौ में सौ नाही. वर्धा में कहां से? नागपूर म्हणेल, सगळेच घालतात तर योजना कशाला? मग ते चौकशीला येतील." साहेबांनी फोनकडे पाहिलं. तो वाजला नाही. "काही उघडे पण पाहिजेत. चालीस समझो."

"म्हणजे साहेब, चाळीस उघडे लिहू?"

साहेबांनी दोन्ही कान धरले. "झूठ नहीं! जो देखा, वही लिखना. पण दिसले पाहिजेत."

मी परत जागेवर येऊन विचार केला. न पाहिलेलं लिहायचं नाही, हे साहेबांचं म्हणणं मला पटलं. उघडी डोकी दिसली पाहिजेत, हेही पटलं. त्या रस्त्याला फटफटीवाला एकच होता. गणित सोपं होतं आणि माझ्या मनाला त्यात कुठे काही टोचलं नाही, उलट खोटं न लिहिता काम होईल याचा आनंद झाला.

पुढचा दिवस गुरुवार होता. बापूराव दहाच्या सुमारास आले. मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी फटफटी बंद केली आणि दोन्ही पाय जमिनीला लावले.

"टोप काढून?" ते म्हणाले.

"चाळीसच फेऱ्या, बापूराव. अर्धा मैल तर आहे."

"नाई जी." त्यांनी मान हलवली. "मले तसं जमत नाई. तिकडं आमी सोळा जण होतो. टोप गरम होते म्हून काही जण हँडलले लटकवत. ते सगळे परत नाई आले. गोळी नोती लागली कोणाले. रस्त्यातच गेले ते."

हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. तिथे थांबायला हवं होतं, हे कळायला शहाणपण लागत नाही. पण मला मार्च दिसत होता. सासऱ्यांचं पत्र दिसत होतं. बायको आठवडाभर दार लावून बसलेली दिसत होती. मी त्यांना हे सगळं सांगितलं. नऊ वर्षांत मी कोणापुढे इतका लाचार झालो नव्हतो. त्याची मला आधी लाज वाटली आणि मग लाज वाटल्याचा राग आला, तो मी त्यांच्यावरच काढला. म्हणालो, "असू द्या. मित्राचं काम म्हणून विचारलं. तुमच्या टोपापुढे आमची काय किंमत."

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग हनुवटीखालचा पट्टा सोडला, टोप काढला आणि माझ्या टेबलावर दौतीशेजारी ठेवला. टोपाखालचं त्यांचं डोकं मी फार दिवसांनी पाहत होतो. केस बारीक कापलेले होते आणि कपाळावर जिथे टोप बसे तिथे पांढरी रेघ होती.

"लिवा," ते म्हणाले.

सत्तावीस फेऱ्या नीट झाल्या. सलाम मात्र त्यांनी केला नाही. फौजेत उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत, असं नत्थूजी म्हणाले. मी दर वेळी पाहत होतो आणि 'नाही' लिहीत होतो. ऊन वर आलं होतं. आंजीकडून कापसाच्या बंड्यांची रांग येत होती.

अठ्ठाविसाव्या फेरीला बापूराव मैलाच्या दगडापाशी वळून आमच्याकडे येत होते. आमच्यासमोरून पुढे गेलेल्या रांगेतल्या पहिल्या बंडीवर गोमाजी नावाचे आंजीचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्या विहिरीचं इंजिन बापूरावांनीच सुरू केलं होतं. बापूरावांना त्यांनी आयुष्यात टोपाशिवाय पाहिलं नव्हतं. दुरून उघडं डोकं आणि बारीक कापलेले केस दिसले आणि भल्या माणसाने काय करावं तेच त्यांनी केलं. बैलांचे कासरे ओढून बंडी रस्त्यात आडवी थांबवली, स्वतः खाली उतरले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बापूराव! अरे कोण गेलं रे?"

बापूरावांनी म्हाताऱ्याला वाचवलं. फटफटी मुरमावरून घसरली आणि त्यांचं डोकं मैलाच्या दगडावर आदळलं. दगडावर 'वर्धा १' असं लिहिलेलं होतं. मी माझ्या जागेवरून सगळं पाहिलं. माझ्यासमोर टेबलावर टोप होता आणि माझ्या हातात टाक होता. उठायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. नत्थूजी माझ्या आधी पोचले होते.

त्याच बंडीत, कापसावर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. गोमाजी बैलांबरोबर धावत होते आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते की मी फक्त विचारलं हो, मी फक्त विचारलं.

बापूराव वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब. एकवीस दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि पाय त्यांचे ऐकत नव्हते. बोलायला जात आणि शब्द तोंडाशी येऊन अडत. ते मग हसल्यासारखं करत आणि बोलणं सोडून देत. फटफटी अंगणात गोणपाट टाकून उभी होती.

तक्ता मी पूर्ण केला. अठ्ठाविसावी फेरी टेबलापर्यंत पोचली नव्हती, म्हणून ती धरली नाही. 'आहे' साठ, 'नाही' सत्तावीस. शंभराला तेरा कमी होते, पण साहेब म्हणाले, चलेगा. तक्त्यात पडलेल्या माणसासाठी रकाना नव्हता. शेऱ्याच्या जागेत मी दोन ओळी लिहिल्या होत्या. साहेबांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, हे विचारलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या ओळी खोडल्या. नागपूरहून उत्तर आलं की वर्ध्याचे आकडे नमुनेदार आहेत.

गल्लीत जो तो आपापलं मत देत होता. नानाजींचं मत असं की फेटा असता तर एवढं झालं नसतं. कोणी म्हणालं, इतकी वर्षं टोप घातला आणि नेमक्या त्याच दिवशी मिजास आली. टोप का काढला, हे कोणाला माहीत नव्हतं. नत्थूजींना होतं, ते बोलले नाहीत. बापूरावांना होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या खाटेजवळ बसत असे आणि विमलाबाई मला चहा देत.

एक दिवस चहा देताना त्या तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"भाऊजी, माह्या तोंडानं घात केला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मी बोलली त्यायले. म्हटलं, डोकश्यावर सैपाकाचा गंज पालथा घालून काय फिरता, लोकं हासतेत, मले पाण्याले जावाची लाज वाटते. कवाच नाई आयकलं माहं, आन् त्याच दिवशी आयकलं."

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला आणि घरी आलो. त्यानंतर बारा दिवस मी तिकडे गेलो नाही. ऑफिसात काम फार आहे, असं सांगून पाठवलं. मी सांगितलेली ती पहिली खोटी गोष्ट असावी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला. लक्ष्मणराव, कनिष्ठ लिपिक, कायम. बायकोने देवापुढे दिवा लावला. शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं. विमलाबाईंकडे बोलावणं करायला मात्र तिचे पाय उचलले नाहीत. तिला मी काही सांगितलं नव्हतं, तिने ताडलं असावं. म्हणाली, "तुम्हीच जा."

मी गेलो. बापूराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. विमलाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर जमलं नसतं.

"वहिनी, तुमच्या बोलण्यानं नाही काढला त्यांनी टोप. मी काढायला लावला."

त्यांचा हात सुपात थांबला.

"काऊन जी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. परिपत्रक, शंभर नोंदी, साहेबांचे साठ आणि चाळीस, माझी नऊ वर्षं. बापूराव आधी नाही म्हणाले होते आणि मी त्यांना काय बोललो तेही सांगितलं. म्हणालो, कागदावर चाळीस उघडी डोकी पाहिजे होती वहिनी, आणि न पाहता लिहिलं असतं तर ती खोटी नोंद झाली असती. म्हणून त्यांना खरोखर तसं जायला सांगावं लागलं.

त्या रडल्या नाहीत. मला शिव्या देतील असं वाटलं होतं, मी त्या तयारीनेच आलो होतो. पण त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, डोळे बारीक करून. न समजलेलं काही समजून घ्यायचा त्यांचा खरोखर प्रयत्न चालला होता. त्यांनी आत खाटेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"मंग भाऊजी," त्या म्हणाल्या, "खोटंच काऊन नाई लिवून देल्लं?"